काळ्या वाळूची जमीन

गल्लीत त्याला सगळे भराव म्हणत. तोंडावर भरावकाका, पाठीमागे नुसतं भराव. त्याला हे नाव आवडायचं. माणसाचं नाव त्याच्या कामावरून पडावं, असं तो म्हणायचा आणि लगेच समोरच्याला विचारायचा, "तुझ्या कामावरून तुझं काय नाव ठेवायचं? ऐतखाऊ?"

तो ओतारी होता. नदीकाठच्या फाउंड्रीत साचे करायचा. साचा वाळूचा असतो. ओलसर वाळूत लाकडी नमुना दाबून काढायचा, जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, लोखंड थिजलं की साचा फोडायचा. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरली की जळून काळी पडते, तिच्यात पकड राहत नाही, मग ती फेकून द्यावी लागते. फाउंड्रीच्या मागं नदीचा एक जुना फाटा होता. नदी केव्हाच वाट बदलून गेलेली, मागं छातीएवढं हिरवं पाणी साचलेलं. त्यात डास होते आणि अधूनमधून फुगलेलं कुत्रं. मालकाला जळकी वाळू गावाबाहेर टाकायला गाडी लागायची. भराव म्हणाला, "गाडी कशाला? मी उचलतो." मालकाला वाटलं, बरा वेडा सापडला.

लग्न नुकतंच झालं होतं. पाळी सुटली की तो आणि त्याची बायको टोपल्या घेऊन लागायचे. वाळूचा थर, त्यावर भट्टीतून निघालेल्या खंगराचा, म्हणजे थिजून दगड झालेल्या मळीचा थर, वर पाणी, मग धुमसानं ठोकणं. तो थर पुरता बसल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. भराव टाकणारे बहुतेक लोक घाई करतात आणि पहिल्याच पुरात त्यांची जमीन खचते. यानं घाई केली नाही. काठापासून एक एक हात पुढं सरकत त्यानं पाणी मागं ढकललं. यात त्याची तरुणपणाची सगळी वर्षं गेली.

जळक्या वाळूची एक खोड असते. वरून थंड दिसते, पोटात मात्र निखारा धरून बसते. बायकोनं एकदा ढिगात पाय घातला आणि तळवा भाजला. दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. भराव म्हणाला, "डोळे कपाळात आहेत का पाठीवर?" बरी झाल्यावर तिनं पुन्हा टोपली उचलली, कारण दुसरं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जमीन झाली. त्यानं नोकरी सोडून तिच्यावर स्वतःची छोटी भट्टी घातली, मागं उंच जोत्यावर दोन खोल्या बांधल्या. पंपाची तोंडं, गटाराची झाकणं, शिवणयंत्राचे पाय, जे काम येईल ते ओतायचा. पालिका घरपट्टी घ्यायची, वीजवाल्यांनी मीटर दिलं होतं. जमीन कुणाची, असा प्रश्न त्याला कधी पडला नाही. दुसऱ्या कुणाला पडलाच तर त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. "देवानं पाणी केलं, मी जमीन केली. ज्यानं भरली त्याची."

हे उत्तर सगळ्यात आधी मिळालं ते त्याच्या धाकट्या भावाला. भाऊ न्यायालयात पट्टेवाला होता. भाड्याच्या खोलीत छपराला ओल, त्यात त्याला दमा. तो एकदा येऊन म्हणाला, "दादा, मागचा कोपरा मोकळाच आहे. एक खोली टाकतो. भाडं देईन."

"किती टोपल्या टाकल्यास?"

"दादा, मला श्वास लागतो, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. जमिनीला माहीत नाही."

भाऊ हसला, कारण त्याला ही थट्टा वाटली. थट्टा नव्हती. पुढं कित्येक वर्षं तो आला नाही.

मग केंद्र सरकारनं नदीवर नवा पूल काढला आणि नकाशात पुलाचा एक खांब भरावच्या भट्टीवर आला. मोजणीवाले आले, लाल रंगाची खूण करून गेले. पाठोपाठ नोटीस आली की जागा घेतली जाईल आणि मालकाला बाजारभावानं मोबदला मिळेल. भरावनं खुणेवर चुना फासला.

"पैसे देतायत ना," बायको म्हणाली. "घ्या आणि सुटा. मला आता पायऱ्या नसलेलं घर पाहिजे."

"तुला काय कळतं? पैशानं विकत घेतलेली असती तर पैशानं विकली असती."

एरवी या भांडणाचा निकाल चार दिवसांत लागला असता. पण तेव्हा राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. पुलाचा पथकर कुणी घ्यायचा यावरून जुंपलेली. राज्याला न्यायालयात जायला काहीतरी निमित्त हवं होतं. एक दिवस राज्य सरकारचे वकील स्वतः भरावच्या दारात आले. पांढरा शर्ट, घडीचा रुमाल, बोलणं लोण्यासारखं. भट्टीजवळच्या बाकड्यावर रुमाल न अंथरता बसले. भराव तिथंच विरघळला.

"काका, तुमची लढाई आता तुमच्या एकट्याची राहिली नाही," वकील म्हणाले. "ती सगळ्या राज्याची आहे."

"म्हणजे जमीन वाचेल?"

"केंद्राला या जमिनीला हात लावता येणार नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो. राज्यघटनेनं सरकारला मर्यादा घातलीय. कसं असतं बघा, एका घरात सासू असते, सून असते. सासू कितीही मोठी असली तरी सुनेची ट्रंक तिला न विचारता उघडायची नाही. केंद्र ही सासू."

"आणि ट्रंक म्हणजे माझी जमीन."

"अगदी बरोबर," वकील म्हणाले.

सून कोण, हे भरावनं विचारलं नाही. त्याला वाटलं, आपणच.

त्यानंतर तो बदलला. फाउंड्रीतल्या जुन्या सोबत्यांना तो मर्यादा, सार्वभौम, घटना असे शब्द ऐकवू लागला. गिऱ्हाईक झाकणाची तक्रार घेऊन आलं तर म्हणायचा, "जरा थांब, मी सरकारला जागेवर बसवतोय, मग तुझं झाकण." एका सोबत्यानं विचारलं, "भराव, सार्वभौम म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "म्हणजे ज्याला कुणाच्या बापाला विचारावं लागत नाही तो." सोबती म्हणाला, "म्हणजे तू." सगळे हसले. भराव हसला नाही, त्याला ते खरंच पटलं होतं.

राज्यानं केंद्रावर भरलेल्या खटल्यात भरावची साक्ष होती. तिच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ आला. न्यायालयाचा पट्टा काढून खिशात ठेवलेला. दारातच उभा राहून त्यानं आधी श्वास गोळा केला.

"दादा, एक ऐक. उद्या तुला विचारतील की तू भरायला लागलास तेव्हा तिथं काय होतं. पाणी होतं म्हणू नको. काठच होता, मी नुसता सपाट केला, एवढंच म्हण."

"का? खोटं का बोलू?"

"मी रोज चहा नेऊन देतो, त्यांचं बोलणं कानावर पडतं. खाजगी जमीन मोबदला देऊन घ्यायचा केंद्राला हक्क आहे, त्यात वादच नाही. केंद्राला घेता येत नाही ती राज्याची स्वतःची जमीन. नदीचं पात्र राज्याचं असतं. म्हणून तुझ्या वकिलाला हे सिद्ध करायचंय की तुझी जमीन म्हणजे नदी आहे."

"माझा वकील माझ्या विरुद्ध जाईल?"

"तो तुझा वकील नाही, दादा. राज्याचा आहे. तुझा मालकीहक्क मांडतोय तो केंद्राचा वकील."

भरावनं त्याच्याकडं नीट बघितलं. भाऊ खरं बोलत होता, आणि तिथंच थांबला असता तर कदाचित सगळं वेगळं झालं असतं. पण ओल धरलेल्या खोलीत त्याची अर्धी हयात गेली होती. त्यानं पुढं म्हटलं, "वाचली तर तो मागचा कोपरा मला दे. आता तरी."

"हां," भराव म्हणाला. "आता कळलं. मी पाणी होतं म्हणायचं नाही, म्हणजे मी भरलं नाही. मी भरलं नाही, म्हणजे ती दोघा भावांची वडिलार्जित. असंच ना?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"दम्याचा माणूस एवढं चालत येतो ते फुकट येत नाही. चल, नीघ."

बायको आतून म्हणाली, "अहो, भावजी सांगतायत ते ऐकून तरी घ्या."

"तू आत बस."

दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं होतं. भरावनं नवा सदरा घातला होता. आधी केंद्राचा वकील उठला. किरकोळ, चिडका माणूस, सर्दी झालेली.

"तुम्ही या जमिनीचे मालक आहात, हे खरं ना? तुमचा ताबा आहे, घरपट्टी तुम्ही भरता, म्हणजे तुम्ही मालक आहात. हो किंवा नाही, एवढंच सांगा."

भरावला वाटलं हा सापळा आहे. शत्रू गोड बोलतोय. तो म्हणाला, "मी काय आहे ते तुझ्यासारख्या भाडोत्र्यानं मला सांगायला नको." न्यायाधीशांनी समज दिली. केंद्राच्या वकिलानं नाक पुसलं आणि तो खाली बसला. सबंध न्यायालयात भरावला मालक म्हणणारा तो एकच माणूस होता.

मग राज्याचे वकील उठले. अदबीनं, जसं एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा तिथं जमीन होती का?"

"जमीन?" भराव म्हणाला. "माझ्या छातीला लागेल एवढं पाणी होतं, साहेब. तिथं ढेकूळसुद्धा नव्हतं."

"नदीचं पाणी?"

"नाहीतर काय माझ्या घरचं? नदीचंच. पुरात तिथून वाहायचं. मी स्वतः बघितलंय."

"आणि आज जे आहे ते?"

"सगळं माझं. थर अन् थर माझा. खाली खणून बघा, काळी वाळू निघेल. गाळाचा तळ लागेपर्यंत काळी वाळूच निघेल."

"कुणी मदत केली?"

"कुणी नाही. एकट्यानं."

बाकावर त्याची बायको बसली होती. तिनं पाय आत घेतला.

वकिलांना आणखी विचारावं लागलंच नाही. भराव बोलतच राहिला. धुमस किती जड, पाणी कसं मागं सरकायचं, खंगर कशाला लागतो, कुठल्या पुरात कुठपर्यंत पाणी आलं. न्यायाधीशही ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा इतकी शिकलेली माणसं गप्प बसून त्याचं ऐकत होती. दाराशी उभ्या असलेल्या भावानं मान खाली घातली.

निकाल राज्याच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की केंद्राचे अधिकार घटनेनं मर्यादित आहेत आणि राज्याच्या मालकीच्या नदीपात्राला राज्याच्या संमतीशिवाय हात लावणं हे राज्याच्या सार्वभौमत्वावर आक्रमण आहे. निकालपत्रात भरावच्या साक्षीचं कौतुक होतं. साक्षीदार स्पष्टवक्ता आणि विश्वासार्ह आहे, असं वाक्य होतं.

मंत्री भट्टीवर आले. कार्यकर्त्यांनी भरावला खांद्यावर उचललं. एका छोट्या माणसानं केंद्राला हद्द दाखवली, असं भाषण झालं. भराव खांद्यांवरून बायकोला शोधत होता. ती भिंतीला टेकून उभी होती आणि उचलणाऱ्यांचे पाय भट्टीजवळच्या ओल्या साच्यांवर पडत होते ते बघत होती.

काही आठवड्यांनी राज्य सरकारची नोटीस आली. राज्याच्या नदीपात्रात बेकायदा भराव घालून अतिक्रमण केल्याबद्दल जागा रिकामी करावी. अतिक्रमण असल्यानं मोबदल्याचा प्रश्न उद्भवत नाही. दरम्यान राज्याचं आणि केंद्राचं जमलं होतं. पथकराचा वाटा ठरला, राज्यानं आपली संमती देऊन टाकली. खांब तिथंच येणार होता.

भराव वकिलांच्या कचेरीत गेला. त्याला बाहेर बसवून ठेवलं. शेवटी वकील घाईनं बाहेर आले तेव्हा तो उठून उभा राहिला.

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात, सरकारला मर्यादा आहे."

"आहेच ना. आपण ती सिद्ध केली."

"मग हे काय?"

"हे राज्य सरकार आहे, काका. तुमची जमीन घ्यायला आम्हालाही मर्यादा आहेच. कायदा लागतो, मोबदला लागतो. पण ती तुमची असली तर." त्यांनी घड्याळ बघितलं. "आणि ती तुमची नाही, हे तुम्हीच तर शपथेवर सांगितलंत. फार छान सांगितलंत. मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं."

"मी सांगितलं की मी केली."

"हो. नदीत. माझ्या अंगणात येऊन तुम्ही दिवाणखाना बांधला तर अंगण तुमचं होतं का?"

"तिथं अंगण नव्हतं. कुत्री कुजत होती."

"राज्याची कुत्री," वकील म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर थोडं हसून गाडीत बसले.

घर पाडायला आले तेव्हा अधिकारी तरुण होता, वागायला वाईट नव्हता. म्हणाला, "काका, नेता येण्यासारखं जे काही तुमचं असेल ते सगळं घेऊन जा. त्याला कुणाची हरकत नाही." बायकोनं भांडी, गाद्या, शिवणयंत्र बाहेर काढलं. ओळखीच्या टेम्पोवाल्यानं मुशी आणि साच्यांच्या लोखंडी पेट्या भंगारात घालायला नेल्या. भरावनं कशालाही हात लावला नाही. भट्टी आडवी झाल्यावर तो मागून फावडं आणि टोपली घेऊन आला आणि जमीन उकरू लागला.

अधिकाऱ्याला आधी कळलंच नाही. "काका, काय करताय?"

"नेता येण्यासारखं नेतोय. टोपलीनं आली, टोपलीनं जाईल."

मजूर हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "नेऊ दे की, पुढच्या जन्मी संपेल." भरावनं टोपली भरली, डोक्यावर घेतली, रस्त्याकडं चालू लागला. तो रस्त्यावर पोचला आणि अधिकाऱ्याच्या तोंडावरचं हसू गेलं, कारण आता ती वाळू नदीपात्राबाहेर गेली होती. नदीपात्रातली वाळू राज्याची असते. तिची चोरी झाली आणि अधिकाऱ्यानं बघून सोडून दिली तर अधिकाऱ्याची नोकरी जाते. त्यानं हवालदाराला हाक मारली. पंचनामा झाला. आरोपी एक, टोपली एक, वाळू एक टोपली.

भराव कोठडीत असताना बायको दिराकडे गेली. दिरानं दार उघडलं. "वहिनी, तुम्ही या. तुमची जागा आहे." मग श्वास घेऊन म्हणाला, "दादा सुटला की त्याला सांगा, या खोलीत त्यानं एक टोपलीही टाकलेली नाही."

"सांगते," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं पलंग खिडकीकडं सरकवला. ओल सगळीकडं सारखीच होती, पण पायरी नव्हती.

छोट्या न्यायालयात भरावनं गुन्हा कबूल केला नाही आणि नाकारलाही नाही. तो म्हणाला, "वाळू माझी आहे." न्यायाधीश म्हणाले, वय बघून समज देऊन सोडतो, मुद्देमाल आरोपीनं जिथून उचलला तिथं पोलिसांच्या देखरेखीखाली परत टाकावा.

हवालदार त्याला टोपलीसकट घेऊन निघाला. वाटेत दोनदा म्हणाला, "काका, उतरवा जरा, दम खा." भरावनं उतरवली नाही.

जागेभोवती पत्र्याचं कुंपण झालं होतं. फाटकावर केंद्राच्या पूल खात्याचा पहारेकरी होता. आत खड्डा खणत होते, काळ्या वाळूचे ढीग बाहेर पडत होते.

"न्यायालयाचा हुकूम आहे. ही वाळू आत टाकायचीय," हवालदार म्हणाला.

"परवानगी?"

"अरे, मी पोलीस आहे."

"राज्याचे. ही जागा आता केंद्राकडं दिलीय. राज्याच्या पोलिसाला आत यायचं तर आमच्या साहेबांची सही लागते. तुमच्याच निकालात आहे म्हणे, ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीत राहायचं."

"साहेब कधी येतील?"

"सोमवारी. आले तर."

हवालदारानं रस्त्याच्या कडेकडं बोट केलं. "काका, इथंच ओता आणि मोकळे व्हा."

गटार साफ करणारी पालिकेची बाई तिथं उभी होती. ती म्हणाली, "इथं ओतायचं नाही हं. हा रस्ता आमचा. दंड मी नाही भरणार."

हवालदारानं उन्हात डोळे बारीक करून तिघांकडं बघितलं. मग कागद फाटकाच्या पत्र्यावर धरून त्यानं लिहिलं, मुद्देमाल मूळ जागी परत टाकला. भरावच्या एका हातात पेन दिलं आणि दुसऱ्या हातानं त्याची टोपली सावरून धरली. भरावनं सही केली. हवालदार कागदाची घडी घालून निघून गेला.

भराव फाटकासमोर उभा राहिला. टोपली डोक्यावरच. बराच वेळ झाल्यावर पहारेकरी म्हणाला, "आता काय? सही झाली ना? कागदावर वाळू आत गेली. मग ही कुणाची?"

"माझी," भराव म्हणाला.

"मग घेऊन जा की. कोण अडवतंय?"

कुणीच अडवत नव्हतं. भराव वळला. दोन्ही बाजूंना रस्ता होता, रस्त्याच्या कडेला ती बाई होती, पुढं दुकानांच्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं. मान भरून आली होती. टोपली खाली ठेवावी म्हणून तो जागा शोधत चालत राहिला.